रानकांद्याचं कडं

वैशाखातल्या भर दुपारी मुरमाड जमिनीवर कुदळ आदळली की तिच्या दांड्यातून एक झिणझिणी कोपरापर्यंत चढते आणि दात आंबल्यासारखे होतात. चन्नव्वामावशीची हाक कानी पडली की मला अगदी तसंच व्हायचं. ती माझ्या आईची थोरली बहीण. जळकोटच्या अलीकडं हमरस्ता सोडून आत वळलं की तिचं रान कुठलं हे कुणाला विचारावं लागत नसे, कारण ट्रकांच्या भोंग्यांना न जुमानता त्या उघड्याबोडक्या शिवारातून तिचा आवाज येतच असायचा, कधी ढोरांवर, कधी ढगांवर, आणि बहुतेक वेळा शेजारच्या रानात उभ्या असलेल्या धाकट्या दिरावर, मल्लप्पावर. आमच्या घरात तिच्या जिभेला सगळे वचकून असत. मी नव्हते, कारण तीच जीभ माझ्याही वाट्याला आली आहे, आणि उमरग्यात माझ्या सासरची माणसं तिच्याबद्दल काय बोलतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

ग्रीष्म हा तिचा ऋतू. ज्या निष्ठुर, छायाहीन प्रकाशात बाकीची माणसं डोळे बारीक करून आडोसा शोधत, त्या प्रकाशात तिचे डोळे पुरते उघडत. कपाळावरचे विभूतीचे पट्टे घामानं ओघळत, गळ्यातलं लिंग छातीवर आपटत राही, आणि ती चालू लागली की पायाखालची ढेकळं फुटत. भाकरी थापताना ती परातीशी भांडायची. पाणी शेंदताना विहिरीशी भांडायची. तिची मायासुद्धा मारकुटी होती. केसांवरून हात फिरवायची तेव्हा नखं लागायची, आणि ताटात तूप वाढताना तोंडानं म्हणायची, गीळ आता. तिचे तळहात बाराही महिने लाल असत, भेगाळलेले, कुठंकुठं फोड आलेले. ते लालपण भाकरीचं किंवा खुरप्याचं नव्हतं, रानकांद्याच्या चिकाचं होतं.

तो कांदा तिच्या आयुष्यात कसा आला हे सांगायचं तर आधी तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या काकांचं मरण सांगायला हवं. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि ज्याला स्वतःचं रान आहे त्याची समाधी त्याच्याच रानात होते. काका गेले तेव्हा मूलबाळ नसलेली ही बाई एकटी उरली, आणि तिनं दिरासमोर बोट रोखून जागा सांगितली: बांधापासून कासराभर आत. म्हणजे बैलाला बांधायचा तो दोर जेवढा लांब, तेवढं अंतर. मल्लप्पानं स्वतःच्या हातानं कासरा अंथरला, स्वतः कुदळ मारली, भावाला खाली बसवताना हंबरडा फोडला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. समाधीच्या उजव्या अंगाला मावशीनं एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी ठेवायला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ती तिची आहे.

पुढच्याच नांगरटीला मल्लप्पानं बांध कोरायला सुरुवात केली. ज्यानं मराठवाड्यात जमीन कसली आहे त्याला हा प्रकार समजावून सांगायला नको. कुणी कुणाची जमीन उघडउघड बळकावत नाही; फक्त शेवटचा तास, म्हणजे नांगराची कडेची रेघ, घालताना औत जरासं आत कलतं, बांधाची एक कड ढासळते, पाऊस ती धुऊन नेतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा औत जरासं कलतं. हे इतक्या हळू होतं की खाणाऱ्यालाही आपण खातोय असं वाटत नाही. मावशीला मात्र दिसायचं, कारण तिच्याजवळ मोजायला माप होतं. काका आणि बांध यांच्यातली जमीन दर वर्षी आकसत होती, आणि ती बाई बांधावर उभी राहून सगळ्या गावाला ऐकवत होती, "कासराभर लांब हुता तुमचा बांध. आता माझ्या नवऱ्याच्या उशाला आलाय. उद्या त्याच्या छातीवरनं औत न्याल."

लोक हसायचे. म्हातारीला वेड लागलंय म्हणायचे. एवढंच काय, माझे वडीलसुद्धा म्हणायचे की हातभर मातीसाठी रक्ताच्या नात्यात एवढा तमाशा कशाला. मला त्यांचा तेव्हा फार राग यायचा, आणि अजून येतो.

समाधीला दगडी कट्टा बांध, असं मीच तिला सुचवलं होतं. तिनं मला वेड्यात काढलं. दगड उचलून नेता येतो, म्हणाली. बांधाचे दगड कुठं गेले ते बघ जा त्याच्या गोठ्यात. मग एका उन्हाळ्यात ती पलीकडच्या खडकाळ माळावर गेली, जिथं गवतही धड उगवत नाही, आणि पहार घालून रानकांदे उपसून आणले. दोन्ही मुठींत मावणार नाही असा एकेक कांदा, वरून करड्या पापुद्र्याचा, आतून लख्ख पांढरा, आणि चीक असा की अंगाला लागला तर कातडी पेटते. समाधीच्या उंचवट्याभोवती कोपरभर खोल खड्डे घेऊन तिनं त्यांचं कडं लावलं. खताची मूठ नाही, पाण्याचा थेंब नाही. या कांद्याला लाड सोसत नाहीत, ती म्हणायची. पाणी घातलं की कुजतो आणि मारलं की जगतो.

आणि तो जगला. पावसाळ्यात त्याला पात यायची, रुंद, हिरवीगार, घरच्या कांद्याच्या पातीहून देखणी. दिवाळीनंतर ती वाळून जमिनीशी मिळून जायची, आणि पाहणाऱ्याला वाटावं की इथं काही नव्हतंच. पण चैत्र सरून वैशाख लागला, मातीला भेगा पडल्या, विहिरींनी तळ दाखवला, बोरीबाभळींनीही माना टाकल्या, की त्या निष्पर्ण, रखरखीत, तापलेल्या भूमीतून एकेक दांडा सरळ वर यायचा. ना पान, ना काटा. नुसता उघडा दांडा, आणि त्याच्या वरच्या अंगाला खाली मान घातलेली मातकट पांढरी फुलं. सुंदर म्हणावीत अशी ती नव्हतीच. बागेतल्या फुलांत जे आर्जव असतं त्याचा लवलेश त्यांच्यात नव्हता. जीवनाला जिथं सर्वथा नकार मिळाला आहे तिथं दात-ओठ खाऊन उगवलेली ती फुलं होती. नांगरटीच्या दिवसांतच ती यायची, आणि दुरून येणाऱ्या औताला काका कुठं बसले आहेत ते दिसायचं. मावशी त्या कड्याशी उभी राहायची तेव्हा तिचा चेहरा मी जेवढा मऊ पाहिला तेवढा एरवी कधी पाहिला नाही.

फुटून आलेले जास्तीचे कांदे ती घरी नेऊन टांगून ठेवायची. जिभेला लावू नका, मराल, असं येणाऱ्याजाणाऱ्याला दरडावायची. उंदरांसाठी पिठात कालवून कोपऱ्यात ठेवायची. आणि पायाला कुरूप झालेला माणूस आला की निखाऱ्यावर कांद्याची चकती भाजून, ती कढत असतानाच तळपायावर दाबून फडक्यानं करकचून बांधायची. गावातले निम्मे पाय तिच्या मांडीवर येऊन गेले असतील. एकदा मल्लप्पाही आला. ते भांडण ऐन भरात असतानाची गोष्ट आहे. सकाळी दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, आणि दुपारी हा माणूस लंगडत तिच्या ओसरीवर येऊन बसला. तिनं त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला. चकती ठेवली तेव्हा तो कळवळून ओरडला, आणि ती दात आवळून आणखी दाबत राहिली. याच पायानं उद्या माझ्या रानात तास घालशील, असं बडबडत तिनं गाठ मारली, आणि मग त्याला ताक दिलं. मल्लप्पा मान खाली घालून ताक प्याला. तो नवरदेवाच्या मागं करवला म्हणून मिरवला तेव्हापासून ती त्याला अरेतुरे करायची, आणि तिच्यासमोर तो म्हातारपणीही पोरच व्हायचा.

मल्लप्पाचा मुलगा शरणू मात्र तसा नव्हता. त्याला ना तिचा धाक, ना काकांची आठवण. त्यानं ट्रॅक्टर घेतला, त्याला रोटाव्हेटर जोडला, आणि वाकडा बांध आपल्या डोळ्यांत खुपतो म्हणून एके दिवशी, बाप बाजाराला गेल्याचं पाहून, तो सरळ रेषेत हाणत आला. फुलं गळून गेली होती, दांडे वाळत आले होते. मावशी विहिरीवर होती. तिला आधी आवाज आला, जमीन भरडल्याचा, आणि ती खुरपं घेऊन धावली तोवर कडं गेलं होतं, उंचवटा गेला होता, आणि फिरणाऱ्या पात्यांतून रानकांद्याच्या पांढऱ्या चिंध्या चहूकडं उडत होत्या. ती ट्रॅक्टरपुढं गेली. पुढचा दिवा तिनं दगडानं फोडला. शरणू खाली उतरून तिला बाजूला ढकलू लागला तेव्हा तिनं त्याच्या पोटरीत खुरपं घातलं. त्यानं तिला लाथ घातली. ती पडली, तिच्या गळ्याखालचं हाड मोडलं, आणि पडल्यापडल्या तिनं त्याच्या घोट्याचा चावा घेतला. आजूबाजूच्या रानांतून माणसं धावत आली तेव्हा दोघांच्याही अंगावर रक्त होतं, आणि रक्तावर कांद्याचा चीक. शरणूचे पाय पुढं महिनाभर सोलवटलेले होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हाड मोडलेल्या अंगाचा हात पदरानं गळ्यात बांधून ती त्या भुसभुशीत मातीत बसली आणि एका हातानं कांद्याचे तुकडे वेचू लागली. कुणी कितीही ओढलं तरी उठेना. तळहाताची साल निघाली तरी उठेना. मी उमरग्याहून पोचले तेव्हा तिच्या ओटीत तुकडे होते आणि ती पहिल्यांदाच गप्प होती. तिच्या गप्प बसण्याची मला त्या दिवशी जेवढी भीती वाटली तेवढी तिच्या शिव्यांची कधी वाटली नव्हती.

पोलिसांपर्यंत गेलेलं प्रकरण गावानं मागं घ्यायला लावलं. पंचांनी येऊन, दोन्हीकडची माणसं बसवून, जिथं मल्लप्पाचं शेवटचं औत गेलं होतं तिथं दगड रोवले आणि हाच बांध असं ठरवलं. मल्लप्पा तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. शरणूला त्यानं भर चौकात मारलं म्हणतात. पण त्यानं काय होणार? समाधीच्या आसपास खुणेला ना झाड, ना विहीर, ना खडक. समाधी सपाट झाली होती, आणि नवरा नेमका कुठं बसला आहे हे आता तिला ठाऊक नव्हतं. हिला काय हवं होतं म्हणता? जमीन नव्हे. मेल्यावर त्या माणसाच्या उजव्या अंगाला बसायचं होतं, बस्स.

मृगाचा पाऊस पडला आणि त्या पट्ट्यात जिकडं तिकडं रानकांद्याची कोवळी पात वर आली. जेवढे तुकडे झाले होते, जवळजवळ तेवढे कोंब. शरणूनं कांदा मारला नव्हता, पेरला होता. मी म्हटलं, बरंच झालं की, जिद्दीचं पीक आहे. तिनं माझ्याकडं जळजळीत पाहिलं. आता कडं कुठलं आणि भुगा कुठला हे पातीवरून कळणार नव्हतं. ती या कोंबाकडून त्या कोंबाकडं जायची, माती चाचपायची, एक दिवस म्हणायची हितं, दुसऱ्या दिवशी म्हणायची तितं. पहारीनं जरा खोल उकरून बघू या, जुने कांदे लागले तर लागले, असं मल्लप्पानं सुचवून पाहिलं, तर ती कडाडली, "उकरून शोधायचा का नवरा? पहार त्याच्या टाळूत बसली म्हंजे?"

मग तिनं मला सांगितलं की पात फसवते, फूल फसवत नाही. कोवळ्या कांद्याला बरीच वर्षं फूल येत नाही. फूल येईल ते जुन्याला, आणि जुने तिनं कोपरभर खोल लावले होते. रोटाव्हेटर वरचीच माती खातो. बुडखे खाली जिवंत असतील, मार खाऊन पडले असतील, पण असतील. वैशाखात दांडे आले की जिथं गोल दिसेल तिथं काका. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पुन्हा तो जुना अंगार आला, आणि मला बरं वाटलं.

पुढच्या वर्षीचा वैशाख तिनं रानातच काढला. डोक्यावर पदर, मोडून वाकडं जुळलेलं हाड, आणि नजर जमिनीवर. ऊन असं की वाऱ्यानंही पोळावं. सकाळी पाहावं तर ती तिथंच, उन्हं कलताना पाहावं तर तिथंच. सावलीही तिच्या अंगाखाली शिरून बसलेली. एकही दांडा आला नाही. कांदे जिवंत असतील तर ते बळ साठवत होते, आणि मेले असतील तर प्रश्नच मिटला होता. जमिनीवर मुठी आपटत ती काकांना शिव्या देऊ लागली: कुठं बसलायस ते सांग की, आयुष्यभर मुक्यावानी वागलास, आता तरी तोंड उघड. मी तिला उचलून घरी आणलं. तिचं वजन पोरीएवढं झालं होतं.

पौषात ती गेली. आदल्या दिवशी तिनं माझं मनगट धरलं होतं आणि नखं रुतेपर्यंत दाबून एवढंच म्हणाली होती, "त्याच्या शेजारी. दुसरीकडं बसवलं तर म्या उठून येईन."

तिला सजवून बसवलं होतं. विभूती, बेल, फुलं. बायका गात होत्या, आणि बाहेर पुरुषांचा वाद चालला होता की खड्डा कुठं घ्यायचा. तेव्हा मल्लप्पा कासरा घेऊन आला. भावासाठी याच हातांनी माप घेतलं होतं, म्हणाला. बांधापासून कासराभर, यात काही फरक नाही. त्याच्या सांगण्यात खोट नव्हती, त्याचे डोळे वाहत होते. सगळ्यांना ते पटलं. पंचांना पटलं, स्वामींना पटलं, माझ्या वडिलांना पटलं. रोवलेल्या दगडापाशी कासऱ्याचं एक टोक धरलं, दुसरं ताणून आत नेलं, जिथं पोचलं त्याच्या उजव्या अंगाला कुदळ मारली, आणि माझ्या मावशीला तिथं बसवून तिच्यावर माती लोटली. मी मनगटावरच्या नखांच्या खुणा चोळत उभी होते, आणि तिचं मागणं पुरं झालं म्हणून समाधानानं रडत होते.

वैशाखात मल्लप्पाचा फोन आला. ये म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी गेले. ज्या मातीवर तिनं मुठी आपटल्या होत्या त्या मातीतून दांडे आले होते, आठ-दहाच, काही वाकडे, काही अर्धवट खुरटलेले, पण गोल उभे, त्यांच्या माना खाली, त्यांची फुलं तशीच मातकट आणि हट्टी. ते कडं मावशीच्या समाधीजवळ नव्हतं. तिच्यापासून कितीतरी इकडं, बांधाच्या दगडांच्या अगदी पायाशी होतं. मल्लप्पा तिथं बसला होता. त्यानं कासऱ्याचं एक टोक त्या गोलातल्या जमिनीवर ठेवलं होतं आणि दुसरं बांधाकडं नेलं होतं. तो दोर दगड ओलांडून पलीकडं, त्याच्या स्वतःच्या नांगरलेल्या रानात लांबवर जाऊन पडला होता. जेवढा तो पलीकडं गेला होता, तेवढीच मावशी नवऱ्यापासून दूर बसली होती.

"पोरी, म्या बांधावरनं मोजलं," तो म्हणाला. "बांध म्याच सरकवला हुता, ते माझ्या ध्यानातच न्हाय राहिलं."

माझ्या हातात त्या क्षणी खुरपं असतं तर मी त्याचं काय केलं असतं ते मला माहीत आहे, आणि ते लिहायची मला लाज वाटत नाही. मी त्याला म्हटलं की मल्लप्पाकाका, तिनं एवढंच तर सांगितलं होतं. जन्मभर, घसा फाडून, तुम्हाला आणि या सगळ्या गावाला. आणि कासरा ताणला तेव्हा मलाही ते आठवलं नव्हतं. त्यानं विचारलं, तिला हलवता येईल का. स्वामींनी आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. एकदा बसलेल्या माणसाला उठवत नाहीत. मग आम्ही दोघं त्या दोन समाध्यांच्या मधल्या ढेकळांत बसून राहिलो, वर ते निर्दय पांढरं आभाळ, आणि वाऱ्याची एक झुळूकही नाही. त्या रिकाम्या जागेची लांबी त्यानं पुन्हा मोजली नाही, मीही मोजली नाही.

काळ माणसाला एकदाच नेतो. पण त्याच्या नसण्याची जागा मात्र आपल्या नकळत रोज थोडी थोडी सरकत राहते, आणि जिथं पाय रोवून ती मोजावी ती कडही आपणच कधीची खाऊन टाकलेली असते.